गावातला माजी सैनिक सन्मान सोहळा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डिसेंबर जवळ आला की गावोगावची मंडळं, ग्रामपंचायती आणि शाळा तेच ते प्रश्न विचारू लागतात. सातारा-कोल्हापूर पट्ट्यात असे कार्यक्रम भरवताना जे उपयोगी पडलं, ते इथे एकत्र केलं आहे. आमचा आग्रह एकच आहे. वेळ, जागा, भाषणं, जेवण यांतला प्रत्येक निर्णय घेताना आधी विचारा, की यात माजी सैनिकाची सोय आहे का. तेवढं केलं तरी खालचे निम्मे प्रश्न पडणारच नाहीत.

कार्यक्रम कोणत्या दिवशी घ्यावा?

१४ जानेवारी हा सशस्त्र सेना माजी सैनिक दिन. भारतीय सेनेचे पहिले भारतीय सरसेनापती आणि पुढे फील्ड मार्शल झालेले करिअप्पा १९५३ साली या तारखेला निवृत्त झाले. दुसऱ्या दिवशी, १५ जानेवारीला, सेना दिन असतो. १९४९ मध्ये त्या दिवशी करिअप्पांनी शेवटचे ब्रिटिश सरसेनापती जनरल बुचर यांच्याकडून सूत्रं घेतली होती. ७ डिसेंबर सशस्त्र सेना ध्वज दिन, १६ डिसेंबर १९७१ च्या युद्धाचा विजय दिवस आणि २६ जुलै कारगिल विजय दिवस. नौदलातली माणसं जास्त असतील तर ४ डिसेंबर, हवाई दलातली असतील तर ८ ऑक्टोबर.

तारीख ठरवताना गावाचं वेळापत्रक बघा. १४ जानेवारीला बहुतेक वेळा संक्रांत येते. घरोघरी पोळ्यांचा स्वयंपाक चाललेला असतो आणि बायका देवळात ववसायला गेलेल्या असतात, त्यामुळे सकाळचा कार्यक्रम रिकामा जातो. दुपारी चारनंतर ठेवला तर तोच दिवस तिळगुळासह छान रंगतो. २६ जुलैला पाटण, मावळ, कोकण या बाजूला भातलावणी ऐन भरात असते आणि पाऊस मांडव टिकू देत नाही. त्या दिवशी शाळेच्या वर्गात किंवा समाजमंदिरात छोटा कार्यक्रम करावा. स्वातंत्र्यदिन आणि प्रजासत्ताक दिन आम्ही टाळायला सांगतो. ध्वजवंदनानंतर सगळ्यांना घाई असते आणि सत्कार दहा मिनिटांत उरकला जातो.

आमच्या भागाला १६ डिसेंबर सगळ्यात सोयीचा. पाऊसपाणी नाही, शाळा चालू असतात आणि १९७१ च्या युद्धात लढलेली काही माणसं अजून आपल्यात आहेत. त्या वेळी विशीत असलेला जवान आज सत्तरी ओलांडून गेला आहे. त्यामुळे 'पुढच्या वर्षी बघू' असं म्हणून हा कार्यक्रम ढकलू नका.

रेजिमेंटचा दिवस धरायचा असेल तर मराठा लाइट इन्फंट्रीची माणसं ४ फेब्रुवारीला मराठा दिन पाळतात. १६७० साली तानाजी मालुसऱ्यांनी कोंढाणा घेतला, त्याची ही आठवण. महार रेजिमेंटची स्थापना १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावात झाली. एकाच रेजिमेंटची माणसं जास्त असलेल्या गावात हे दिवस फार मनापासून साजरे होतात.

माजी सैनिक म्हणजे नेमकं कोण? निमलष्करी दलातल्यांना बोलवायचं का?

सरकारी व्याख्या भूदल, नौदल आणि हवाई दल यांच्यापुरती आहे. ढोबळमानाने पेन्शन घेऊन, सेवेत जायबंदी होऊन किंवा ठरलेली मुदत पुरी करून ग्रॅच्युइटीसह बाहेर पडलेली व्यक्ती माजी सैनिक ठरते. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडून तिला ओळखपत्र मिळतं. सीमा सुरक्षा दल, केंद्रीय राखीव पोलीस दल, आयटीबीपी (भारत-तिबेट सीमा पोलीस) यांचे जवान या व्याख्येत बसत नाहीत. त्यांचं खातं गृह मंत्रालयाचं.

गावाच्या कार्यक्रमाला ही व्याख्या लावू नका. सीमेवर वीस वर्षं उभा राहिलेला सीमा सुरक्षा दलाचा जवान गावच्या सत्कारातून वगळला जाणं आम्हाला पटत नाही. पत्रिकेत 'माजी सैनिक व निमलष्करी दलांतील निवृत्त जवान' असं लिहा, म्हणजे कुणाचा अवमान होत नाही आणि चूकही होत नाही. लष्करी नर्सिंग सेवेत राहिलेल्या स्त्रियांचं नाव हमखास सुटतं. त्या लग्न होऊन दुसऱ्या गावाहून आलेल्या असतात आणि गावाला त्यांची सेवा माहीतच नसते. मुद्दाम चौकशी करा.

अग्निवीरांचं काय?

चार वर्षांच्या लष्करभरतीची अग्निपथ योजना जून २०२२ मध्ये आली, त्यातून भरती झालेले ते अग्निवीर. चार वर्षांनी बाहेर पडणाऱ्यांना योजनेच्या अटींप्रमाणे पेन्शन नाही आणि माजी सैनिकाचा दर्जाही नाही. गावाने सत्कार करायला त्या दर्जाची गरज नाही. पंचविशीच्या आत परत येणाऱ्या मुलाला शालीपेक्षा कामाची ओळख जास्त उपयोगी पडते, म्हणून त्या दिवशी जवळच्या कारखान्यांचे, सहकारी संस्थांचे आणि प्रशिक्षण केंद्रांचे लोक बोलवा. हेच सतरा-अठरा वर्षांची नोकरी संपवून पस्तिशी-चाळिशीत घरी आलेल्या जवानांनाही लागू आहे. मुलांची शिक्षणं बाकी असतात आणि घराचं कर्ज चालू असतं. माजी सैनिक म्हणजे म्हातारा माणूस हे डोक्यातून काढायला हवं.

गावातल्या माजी सैनिकांची यादी कशी करायची?

तयार यादी कुठे मिळत नाही. सरकारी कार्यालयं लोकांची वैयक्तिक माहिती सहसा देत नाहीत आणि ते बरोबरच आहे. तालुक्याच्या माजी सैनिक संघटनेपासून सुरुवात करा. ग्रामपंचायतीत घरपट्टी माफीसाठी आलेल्या अर्जांवरून ग्रामसेवक निरोप पोचवू शकतात. मग वाडी-वस्तीवर फिरा. सगळ्यात जास्त नावं पारावर बसणाऱ्या जुन्या माणसांकडून मिळतात. "खालच्या आळीतला आमक्याचा थोरला पासष्टच्या लढाईत होता", असं एक नाव निघालं की त्यातून चार निघतात.

यादीचे तीन भाग करा: हयात माजी सैनिक, दिवंगतांच्या पत्नी किंवा आई-वडील, आणि सध्या सेवेत असलेले. तिसऱ्या भागातल्यांची पलटण आणि नेमणुकीचं ठिकाण कागदावर, फलकावर किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर टाकू नका. नाव पुरेसं आहे. पुण्या-मुंबईला मुलांकडे राहायला गेलेल्यांना फोन करा. बरेच जण केवळ आठवण ठेवली म्हणून गाडी करून येतात.

पत्रिकेत नाव आणि हुद्दा कसा लिहावा?

आपल्याकडे फौजेतून आलेल्या प्रत्येकाला 'मेजर' म्हणायची पद्धत आहे. बोलताना त्यात प्रेमच असतं. पत्रिकेवर मात्र 'नाईक' हुद्द्याच्या माणसाला मेजर छापलं तर तो माणूस चारचौघांत अवघडतो, कारण त्याला हुद्द्याची किंमत आपल्यापेक्षा जास्त कळते. शिपाई, लान्स नाईक, नाईक, हवालदार, नायब सुभेदार, सुभेदार, सुभेदार मेजर ही भूदलातली चढती पायरी. काहींना निवृत्तीच्या सुमारास ऑनररी लेफ्टनंट किंवा ऑनररी कॅप्टन हुद्दा मिळालेला असतो, तो 'ऑनररी' शब्दासकट लिहा. आधी हुद्दा, मग पूर्ण नाव आणि शेवटी कंसात 'निवृत्त'. पदक असेल तर नावापुढे लिहा.

खात्री करायची असेल तर डिस्चार्ज बुक, म्हणजे फौजेतून बाहेर पडताना मिळालेलं सेवेच्या नोंदींचं पुस्तक, बघायला मागा. बहुतेक घरांत ते माळ्यावरच्या पत्र्याच्या काळ्या ट्रंकेत असतं. झाकणावर पांढऱ्या रंगात नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण रंगवलेली असते. आत प्लॅस्टिकच्या पिशवीत पुस्तक, पदकांची पट्टी, एखादा पलटणीचा ग्रुप फोटो. ट्रंक उघडली की दुपार तिथेच जाते, तेव्हा वेळ काढून जा. घरातल्या नातवंडांनी ती बऱ्याचदा पहिल्यांदाच आतून पाहिलेली असते.

निमंत्रण फोनवर दिलं तर चालेल का?

घरी जाऊन द्या. "आबा, सोळा तारखेला कार्यक्रम हाय, धा वाजता गाडी घेऊन येतो, काकींनाबी घेऊन यायचं" एवढं बोलणं पुरतं. गाडी पाठवायची कबूल केली असेल तर ती वेळेवर गेलीच पाहिजे. फौजेत उमर घालवलेला माणूस दहा म्हटलं की पावणेदहाला कपडे करून ओट्यावर बसलेला असतो.

व्यासपीठावर कोण बसणार?

माजी सैनिक. सगळे मावत नसतील तर व्यासपीठच ठेवू नका. गोलाकार खुर्च्या मांडा आणि पाहुण्यांना समोर बसवा. आमदार, सभापती, सरपंच यांना आदराने बोलवा, पण 'दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, पाहुण्यांचे मनोगत, अध्यक्षीय भाषण' असा क्रम लावलात तर पंच्याहत्तरीचे आजोबा दोन तास उन्हात बसून शेवटी शाल घेऊन घरी जातात. असे कार्यक्रम आम्ही पाहिले आहेत आणि त्याचं वाईट वाटतं. पाहुण्यांची भाषणं मिळून वीस मिनिटं, हे निमंत्रण देतानाच सांगून टाका. पाहुणे उशिरा आले तरी ठरल्या वेळी सुरू करा.

निवडणुकीची आचारसंहिता लागलेली असेल तर तहसील कार्यालयात आणि पोलीस ठाण्यात आधी विचारून घ्या. कोणत्याही पक्षाच्या फलकावर जवानांचे फोटो येऊ देऊ नका. निवडणूक आयोगाने २०१९ मध्ये राजकीय पक्षांना याबाबत स्पष्ट सूचना दिल्या होत्या. आचारसंहिता नसतानाही हा नियम पाळलेला बरा.

सत्कारात काय द्यावं?

शाल, श्रीफळ आणि फेटा आपल्या रीतीला धरून आहेत. स्मृतिचिन्हावर पैसे घालवू नका. ज्येष्ठांच्या घरात तशी कपाटभर पडून असतात. त्यापेक्षा त्यांच्या तरुणपणचा वर्दीतला फोटो मोठा करून चौकटीत द्या. जुना फोटो मोबाइलवर नीट काढून तालुक्याच्या स्टुडिओत साफ करून मिळतो. आम्ही दिलेल्या सगळ्या भेटींत भिंतीवर लागलेली ही एकच. शाल शक्यतो गावातल्या लहान मुलाच्या किंवा त्याच पलटणीतल्या कनिष्ठ जवानाच्या हातून द्यावी.

वीरपत्नी आणि वीरमातांचा सन्मान कसा करावा?

या प्रश्नाला आम्ही सगळ्यात जास्त वेळ देतो, कारण चूक इथेच होते आणि ती खोल लागते.

कार्यक्रमाची सुरुवात औक्षणाने होते. पाच सवाशिणी पुढे बोलावल्या जातात, आणि ज्या बाईचा नवरा सीमेवर गेला ती तिसऱ्या रांगेत पदर सावरून बसते. कुणी मुद्दाम करत नाही, रीत म्हणून होतं. संक्रांतीच्या सुमारास कार्यक्रम असेल तर हळदी-कुंकवालाही तेच. ज्यांच्या नावाने कार्यक्रम भरवला, त्यांच्याच घरच्या बाईला असं बाजूला बसावं लागतं.

शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनाही हा कित्ता गिरवायला सांगितलं. तुमच्या गावात असा ठराव झाला असेल तर तो अमलात आणायची ही उत्तम जागा आहे. झाला नसेल तरी अडत काही नाही. वीरपत्नीच्या हातून दीप लावा, ध्वज फडकवा. माजी सैनिकांचं औक्षण त्यांनाच करू द्या आणि हळदी-कुंकू असेल तर पहिलं बोट त्यांना. मात्र आधी घरी जाऊन त्यांच्याशी आणि सासू-नणंदेशी बोला. भर सभेत अचानक ताट हातात दिलं तर तिची कोंडी होते. "मला नको" म्हणाल्या तर आग्रह धरू नका.

शिवाय त्यांची ओळख करून देताना केवळ 'अमुक यांच्या पत्नी' म्हणू नका. त्यांचं स्वतःचं नाव घ्या, काय करतात ते सांगा. शेती सांभाळली, मुलं शिकवली, अंगणवाडी चालवली, हे सांगण्यासारखंच आहे. सातारा तालुक्यातल्या पोगरवाडीचे कर्नल संतोष महाडिक नोव्हेंबर २०१५ मध्ये कुपवाड्यात कामी आले, आणि त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक २०१७ मध्ये स्वतः लष्करात अधिकारी झाल्या. मुलींना ही गोष्ट जरूर सांगा.

ज्यांचं दुःख ताजं आहे, वर्ष-दोन वर्षंच झाली आहेत, त्यांना कार्यक्रमाला बोलावण्यापेक्षा दोघा-तिघांनी घरी जाऊन भेटणं योग्य. मोठ्या आवाजातली देशभक्तिपर गाणी आणि निवेदकाचा चढा सूर त्यांना सोसत नाही. वीरमरणाचं वर्णन माइकवरून करणं पूर्ण टाळा. मुलं समोर बसलेली असतात.

माजी सैनिक बोलत नाहीत. त्यांना बोलतं कसं करावं?

माइक हातात देऊन "दोन शब्द बोला" म्हटलं की "मी काय बोलणार, ड्युटी केली" एवढंच मिळतं. त्याऐवजी शाळेतल्या एका शिक्षकाने समोर खुर्ची टाकून बसावं आणि छोटे, नेमके प्रश्न विचारावेत. भरती कुठे झाली? वजन-उंची मोजताना काय झालं? बेळगावच्या ट्रेनिंग सेंटरमध्ये पहिल्या आठवड्यात घरची आठवण कशी आली? पहिल्या सुट्टीला घरी यायला गाडीत किती दिवस गेले? घरचं पत्र किती दिवसांनी मिळायचं? लढाईबद्दल विचारलं तर दोन वाक्यांत आटपतील. त्या दिवसांत पायात कोणते बूट होते, लंगरात काय शिजायचं, रात्री पहाऱ्यावर जोडीला कोण होता, असं विचारलं की लढाई आपोआप येते.

ज्या वर्षाबद्दल बोलायचं, ते आधी वाचून जा. १ मराठा, म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन, जंगी पलटण, डिसेंबर १९७१ मध्ये आताच्या बांगलादेशातल्या जमालपूरला लढली. समोर त्या पलटणीतला माणूस बसलेला असताना जमालपूरचं नाव तुमच्या तोंडून आलं, तर त्याचा चेहरा बदलतो. श्रीलंकेत १९८७ ते १९९० या काळात शांतिसेनेत गेलेल्यांना तर कुणी काही विचारतच नाही. त्यांना जाफन्याबद्दल विचारा. सियाचीनवर राहून आलेल्यांना १९८४ नंतरच्या तिथल्या चौक्यांबद्दल विचारा.

काही प्रश्न विचारायचेच नाहीत. किती जणांना मारलं, भीती वाटली का, शेजारचा जवान कसा गेला, हे त्यांनी स्वतः काढलं तरच. लष्करी कॅन्टीनच्या दारूच्या बाटलीवरून विनोदही स्टेजवर नको. घरच्यांसमोर तो त्यांना बोचतो.

घरच्यांना विचारून हे बोलणं फोनवर रेकॉर्ड करा आणि एक प्रत कुटुंबाला द्या. त्यांच्या बोलण्यात निम्मे शब्द हिंदी असतात, ते तसेच राहू द्या.

कुणी यायला नकार दिला तर?

मान ठेवा आणि कारण विचारू नका. लग्नाच्या फटाक्यांच्या आवाजाने दचकणारी, रात्र-रात्र जागी असणारी माणसं आपल्या गावांत आहेत आणि त्याबद्दल घरातही बोललं जात नाही. कार्यक्रमात फटाके नकोतच, हे आम्ही सगळीकडे सांगतो. नंतर चार-दोन दिवसांनी शाल घेऊन घरी जा, चहा घ्या, या. कुणाला खरोखर मदत लागेल असं वाटलं तर ईसीएचएस या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या दवाखान्यातून मानसोपचार तज्ज्ञाकडे पाठवता येतं, ही माहिती घरच्यांच्या कानावर घालून ठेवा.

गावात इंग्रजांच्या काळातली एक संगमरवरी शिळा आहे. तिचं काय करायचं?

पहिल्या महायुद्धानंतर सरकारने अनेक गावांत अशा शिळा बसवल्या: या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात इतके पुरुष गेले, त्यातल्या इतक्यांनी प्राण दिले. कुठे ती चावडीच्या भिंतीत असते, कुठे शाळेच्या, आणि कुठे नोटीस बोर्डामागे चुन्याखाली झाकलेली. साताऱ्याजवळच्या आपशिंगे गावाला तर लोक 'आपशिंगे मिलिटरी' म्हणूनच ओळखतात. महायुद्धात गेलेल्या गावकऱ्यांचं स्मारक तिथे जपलेलं आहे.

तुमच्या गावात शिळा असेल तर कार्यक्रमाच्या आधी ती साफ करा. साधं पाणी आणि मऊ ब्रश पुरे. आम्ल, तारेची घासणी आणि ऑइलपेंट लावू नका, अक्षरं कायमची जातात. मजकूर मोठ्या अक्षरांत मराठीत लिहून शेजारी लावा. त्या माणसांची नावं शिळेवर बहुधा नसतात. ती घराण्यांच्या आठवणीत शोधावी लागतात, आणि हे काम नववी-दहावीच्या मुलांना फार आवडतं.

"ते इंग्रजांसाठी लढले, त्यांचा सन्मान कशाला?" असं कुणीतरी विचारतंच. दुष्काळ, कर्ज, आणि फौजेत मिळणारा पगार व मान यांतून ती माणसं बोटीत बसली आणि मेसोपोटेमियाच्या वाळवंटात किंवा फ्रान्सच्या चिखलात गेली. त्यातली कित्येक परत आलीच नाहीत. गावाने आपल्या माणसांची आठवण ठेवायला राज्य कुणाचं होतं हा प्रश्न आड येऊ नये. दुसऱ्या महायुद्धातलेही दोन मराठे आठवा. रायगडमधल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ ला इटलीत मशीनगनच्या ठाण्यावर एकटे चालून गेले आणि तिथेच पडले. आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या निमजचे शिपाई नामदेव जाधव ९ एप्रिल १९४५ ला सेनिओ नदीकाठी जखमी सोबत्यांना वाचवून पुन्हा शत्रूवर तुटून पडले. दोघांना व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिश काळातलं सर्वोच्च शौर्यपदक मिळालं. घाडगे यांचा पुतळा माणगावात आहे.

राष्ट्रध्वजाबाबत काय काळजी घ्यावी?

केशरी पट्टा वर. ध्वज टेबलावर अंथरायचा नाही, व्यासपीठाला गुंडाळायचा नाही, पुतळा किंवा फलक झाकायला वापरायचा नाही आणि त्यावर काही लिहायचं नाही. सजावटीसाठी केशरी-पांढऱ्या-हिरव्या कापडाच्या पट्ट्या लावल्या तर अडचण नाही, अशोकचक्र असलेला ध्वज मात्र तोरण म्हणून नको. प्लॅस्टिकचे छोटे झेंडे टाळा. कार्यक्रम संपल्यावर ते मैदानात पायाखाली येतात आणि माजी सैनिकच वाकून गोळा करत बसतात.

अमर जवान प्रतिकृती आणि मानवंदना कशी करावी?

उलटी रायफल आणि त्यावर हेल्मेट, अशी लाकडाची प्रतिकृती गावचा सुतार करून देतो. थर्माकोल वापरू नका. त्यावर राज्यात २०१८ पासून बंदी आहे. पुष्पचक्र आधी वीरमाता किंवा वीरपत्नीने वाहावं, मग ज्येष्ठ माजी सैनिकाने आणि त्यानंतर पाहुण्यांनी. बिगुलवर 'लास्ट पोस्ट' ही दिवंगत सैनिकांना मानवंदना देणारी धून वाजवणारा कुणी मिळाला तर उत्तम. एनसीसी असलेल्या शाळेत विचारा. दोन मिनिटांचं मौन घड्याळ लावून पूर्ण दोन मिनिटं पाळा. सलामीचा हुकूम माजी सैनिकांपैकीच एकाला द्यायला सांगा. आवाज थरथरला तरी चालेल, मुलं ताठ उभी राहतात.

लष्कराचा बँड किंवा शस्त्रप्रदर्शन मिळू शकतं का?

कराडला दरवर्षी डिसेंबरात विजय दिवसाचा मोठा समारोह होतो, लष्कराच्या कसरती आणि शस्त्रप्रदर्शन बघायला आसपासच्या तालुक्यांतून लोक येतात. एका गावाला तेवढं मिळणं अवघड. अर्ज करायचा असेल तर जिल्हा सैनिक कल्याण अधिकाऱ्यांमार्फत आणि काही महिने आधी करा. पोलीस बँडसाठी जिल्हा पोलीस अधीक्षकांना पत्र द्यावं लागतं. काहीच नाही जमलं तर शाळेचं लेझीम पथक आहेच, आणि माजी सैनिकांना आपल्या मातीतलं लेझीम जास्त भावतं.

वर्गणी आणि हिशेब?

माजी सैनिकांकडून वर्गणी घ्यायची नाही, त्यांनी आपणहून देऊ केली तरी त्यांच्या कार्यक्रमासाठी नको म्हणा. खर्चाचा कागद आठवड्यात ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा. ध्वजदिन निधी ही वेगळी गोष्ट आहे. १९४९ पासून ७ डिसेंबरला हा निधी जमवला जातो, आपल्याकडे त्याचं काम जिल्हाधिकारी आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय पाहतं. तो मंडळाच्या वर्गणीत मिसळू नका आणि सरकारी पावती घ्या.

सत्काराखेरीज त्या दिवशी उपयोगाचं काय करता येईल?

आमच्या मते हा कार्यक्रमाचा गाभा आहे. मांडवाच्या एका बाजूला दोन टेबलं, लॅपटॉप, प्रिंटर आणि ठसे घेणारं यंत्र ठेवा. तालुक्याच्या माजी सैनिक संघटनेचा जाणकार आणि गावातली संगणक येणारी दोन पोरं बसवा. कामं पुढची.

हयातीचा दाखला. लष्करी पेन्शन आता 'स्पर्श' या ऑनलाइन प्रणालीतून मिळते. दाखला साधारण नोव्हेंबरात द्यायचा असतो, तो राहिला की पेन्शन थांबते. शेतीकामाने बोटांचे ठसे झिजलेले असतात, यंत्र ते घेत नाही. अशा वेळी मोबाइलवर चेहरा दाखवूनही दाखला निघतो.

ईसीएचएस कार्ड. ही आरोग्य योजना २००३ पासून आहे, पण नवं कार्ड न काढल्यामुळे दवाखान्यातून परत आलेले लोक आजही भेटतात.

घरपट्टी माफी. राज्य सरकारने २०२० मध्ये माजी सैनिक आणि त्यांच्या विधवा पत्नींना एका मालमत्तेपुरती घरपट्टी माफ केली. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा दाखला जोडून ग्रामपंचायतीत अर्ज द्यावा लागतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, नावांची तपासणी. डिस्चार्ज बुकात बायकोचं नाव 'सौ. शांताबाई', आधारवर 'शांता', बँकेत माहेरचं आडनाव, जन्मतारीख तीन ठिकाणी तीन. नवरा हयात असेपर्यंत हे कुणाला दिसत नाही. तो गेल्यावर कुटुंब पेन्शनसाठी त्या बाईला सत्तराव्या वर्षी पुण्याला आणि रेकॉर्ड ऑफिसला (सैनिकांच्या सेवेच्या नोंदी ठेवणारी लष्कराची कचेरी) खेटे घालावे लागतात. नवरा असताना त्याच्या सहीने रेकॉर्ड ऑफिसला अर्ज गेला तर दुरुस्ती कितीतरी सोपी होते. त्या दिवशी प्रत्येक जोडप्याचे चार कागद शेजारी ठेवून बघा: डिस्चार्ज बुक, पेन्शनचा आदेश, आधार आणि पासबुक. फरक सापडला की तिथेच अर्ज भरून घ्या. एका सकाळी दहा-बारा घरांची कामं मार्गी लागतात.

शहरातल्या सोसायटीत असा कार्यक्रम कसा करावा?

आधी सूचना फलकावर विचारा. दुसऱ्या मजल्यावरचे शांत काका नौदलात होते, हे बऱ्याच सोसायट्यांना माहीत नसतं. क्लब हाउसमध्ये तासाभराचा गप्पांचा कार्यक्रम पुरतो. वॉचमनच्या खोलीत विचारायला विसरू नका. शहरांतले कितीतरी सुरक्षारक्षक माजी सैनिक आहेत आणि त्यांना त्या दिवशी गेटवर उभं करून बाकीच्यांचा सत्कार होतो.

कार्यक्रम झाल्यावर काय करायचं?

यादी, फोटो आणि रेकॉर्डिंग यांची एक प्रत शाळेत आणि एक ग्रामपंचायतीच्या दप्तरात ठेवा. भरलेल्या अर्जांचा पाठपुरावा एका माणसाकडे नावानिशी द्या. त्याने दर महिन्याला फोन करून विचारायचं, काम कुठवर आलं. यादीतलं कुणी वारलं तर कुटुंबाला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आणि बँक यांना कळवायला मदत करा. तेराव्याच्या आत मृत्यूचा दाखला काढून ठेवायला सांगा, कुटुंब पेन्शनचा पहिला कागद तोच लागतो.